लावा, पण विसरू नका राव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या बागेच्या पानावर सदाहरित बुटक्या झुडपांवर मजकूर आला होता तो वाचला, फोटो झकास होते, हिरवे गोल चेंडू रांगेत मांडून ठेवल्यासारखे, आणि त्याच्याखाली ते वाक्य, 'एकदा लावा आणि विसरून जा'. ह्याच वाक्यावर विश्वास ठेवून माझी बारा वर्षं आणि नऊ झाडं गेलीत म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल. कात्री लावायची तर खुशाल लावा, पण छाटणीचा भाग तेवढा राहू द्या.

आधी एक कबूल करतो, मला ह्या झाडांचं वेड आहे. फुलझाडांचा बहर ओसरला की वाफे ओकेबोके दिसतात, तेव्हा ही झुडपं पाहुण्यांच्या गर्दीत घरचं माणूस कसं असतं तशी आपापल्या जागी असतात. तक्रार झाडांबद्दल नाहीच. पण 'विसरा' म्हणणाऱ्याने ही झाडं किती उशिरा बोलतात ते बघितलेलं नाही. गुलाबाला दोन दिवस पाणी नाही दिलं तर तो लगेच मान टाकतो, ह्यांचं तसं नाही, थुजाची (मोरपंखीसारखंच एक झुडूप) फांदी झाडावरून तोडून नुसती ठेवली तरी कित्येक दिवस हिरवीगार दिसते, मग मुळं कुजलेलं झाड का नाही दिसणार. खाली सगळा खेळ आटोपलेला असतो आणि वर आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असतो. जेव्हा ते तपकिरी दिसायला लागतं तेव्हा बातमी महिना-दोन महिने जुनी झालेली असते.

आता कॉम्पॅक्ट ह्या शब्दाकडे येतो. लेबलवर कॉम्पॅक्ट लिहिलंय म्हणजे झाड आत्ता दिसतंय तेवढंच राहणार असं आपण धरून चालतो, पण ते वाढतच असतं, हळू वाढतं आणि पेरं जवळजवळ असतात म्हणून भरगच्च दिसतं एवढंच. अमेरिकन कॉनिफर सोसायटीची सूचिपर्णी झाडांची वर्गवारी मला ह्यासाठीच आवडते की ती वाढीच्या वेगावर बेतलेली आहे, वर्षाला १ इंचापेक्षा कमी वाढतं ते मिनिएचर, १ ते ६ इंच वाढतं ते ड्वार्फ म्हणजे बुटकं, ६ ते १२ इंच ते इंटरमीडिएट आणि त्यापुढचं सगळं लार्ज. म्हणजे ड्वार्फ म्हणून आणलेलं झाड १० वर्षांत ५ फुटांपर्यंत गेलं तरी ते ड्वार्फच, त्यात विकणाऱ्याने फसवलेलं काही नसतं. खिडकीखाली रोप लावताना हा हिशोब कोण करतं? मी पण नव्हता केला, आता वर्षातून दोनदा स्टुलावर चढतो.

दुसरा एक प्रकार आहे तो मात्र जरा चिडवणारा आहे. मी एकदा कामिनीची सहा रोपं आणली, प्रत्येक रोप फूटभर, गोल, गडद हिरवी बारीक पानं, म्हटलं हेच पाहिजे. वर्ष-दीड वर्ष अगदी शहाण्यासारखी राहिली आणि मग एकाएकी अशी सुटली की काय सांगू, लांब लांब कोंब, पेरांमध्ये वीतभर अंतर, पानं दुप्पट मोठी. मला वाटलं खत जास्त झालं. नंतर एका जुन्या माळीबुवांकडून कळलं की रोप भरगच्च दिसावं म्हणून त्याला वाढ रोखणारं औषध देतात, पॅक्लोब्युट्राझोल वगैरे, त्याने झाडातलं जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक तयार होणं मंदावतं आणि पेरं आखूड राहतात. औषधाचा असर उतरला की झाड आपल्या मूळ चालीवर येतं. साध्या कामिनीची मूळ चाल काय तर चांगलं १०-१२ फुटांचं झाड होणं. औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण रोप जातीनेच बुटकं आहे की औषधाने बुटकं ठेवलंय हे घेताना विचारावं. विचारायला लाज वाटली तर निदान शेंडे बघावेत, जुनी पेरं लांब आणि मधूनच नवी पेरं एकदम आखूड दिसली तर मी तरी आता सावध होतो. त्या सहातली चार मी शेवटी मागे कुंपणाला नेऊन लावली, तिथे ती मजेत आहेत, वास तर विचारू नका.

जातीने बुटकं म्हणजे काय हे पण मजेशीर आहे. पुष्कळ बुटक्या जाती कोणी ठरवून तयार केलेल्या नाहीत, मोठ्या झाडावर मध्येच एखाद्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, बदल होतो आणि तिथे बारीक दाट फांद्यांचा झुपका येतो, त्याची काडी घेऊन कलम केलं की नवीन बुटकी जात तयार. काही सरळ रानात सापडलेल्या. तो शंकूसारखा निमुळता दाट स्प्रूस (थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड) फोटोत बघितला असेल, ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस, तो १९०४ साली कॅनडात अल्बर्टामधल्या लॅगन इथे अमेरिकेतल्या आर्नोल्ड आर्बोरेटम ह्या वृक्षोद्यानाच्या जॅक आणि रेडर ह्या दोघांना सापडला. साधा व्हाइट स्प्रूस उंच वाढणारा वृक्ष आहे आणि हा त्याचाच भाऊ वर्षाला जेमतेम ५ ते १० सेंटिमीटर सरकतो. पण रक्त कुठे जातंय. मधूनच त्या गुळगुळीत शंकूतून एखादी राकट फांदी बाहेर येते, सुया लांब, वाढ भराभर, ती मूळ वृक्षाची फांदी असते आणि तिला तिथेच बुडापासून काढली नाही तर काही वर्षांत ती बाकीच्या झाडाला झाकून टाकते. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या पानांच्या झुडपात पण हेच होतं, एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते, तिच्यात हरितद्रव्य जास्त म्हणून अन्न जास्त म्हणून ती जोरात, आणि आपण कौतुक करत बसतो की बघा किती टवटवीत फुटवा आलाय. तो फुटवा टोकाला खुडून भागत नाही, जिथून निघाला तिथून काढायचा.

आता छाटणी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

माझ्या दारात एक गोल झुडूप होतं, बॉक्सवुड, आठ वर्षं मी त्याला दर महिन्याला हेज कटरने वरवर भादरत होतो. बाहेरून असं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटायचा. एकदा त्याच्यावर पाठ टेकून वाकलो तर कडकड आवाज झाला, म्हणून दोन्ही हातांनी फांद्या बाजूला करून आत डोकावलो. आत काय, काहीच नाही. बाहेरची दोन बोटं जाडीची हिरवी साल आणि आत सगळा काटक्यांचा सांगाडा, कोळ्याची जाळी, कुजलेल्या पानांचा थर, एक जुनं गांधीलमाशीचं पोळं आणि कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा. म्हणजे मी आठ वर्षं झाडाचं कवच जपत होतो. कारण साधं आहे, शेंडा कापला की त्याच्या खालचे डोळे फुटतात, एकाच्या जागी तीन-चार फुटवे, ते परत कापले की परत तसंच, त्यामुळे बाहेरचा थर एवढा घट्ट होतो की आत ना उजेड ना वारा, उजेड नाही म्हणून आतली पानं गळतात आणि वारा नाही म्हणून बुरशीला चंगळ.

मग काय करायचं, तर कटर ठेवायचा आणि सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, घ्यायचं. वरची भादरणी बंद करा असं म्हणत नाही, आकार ठेवायचा तर ती लागतेच, पण वर्षातून एकदा तरी हात मनगटापर्यंत आत घालून इकडची एक तिकडची एक अशा फांद्या आतल्या जोडापाशी कापून काढायच्या, मुठीएवढी भोकं पडली पाहिजेत. पहिल्यांदा हात धजत नाही, झाड विद्रूप दिसतं, बायको म्हणाली उंदराने कुरतडल्यासारखं केलंत. पण त्या भोकांमधून उजेड आत जातो आणि दोन-अडीच महिन्यांत जुन्या लाकडावर हिरवे टिंब दिसायला लागतात. एका वेळी एक तृतीयांशाच्या वर काढू नये, घाई असेल तरी नाही. आणि हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, असेल तर बूड रुंद, माथा किंचित अरुंद ठेवायचा, आपण नेमकं उलटं करतो कारण वरचं हाताला सोपं लागतं आणि खालचं वाकून कापावं लागतं, मग वरचा भाग छत्रीसारखा खालच्यावर सावली धरतो आणि खालून हेज उघडी पडते. उघडी पडली की लोक खत घालतात! खताने सावली जात नाही हो.

हे भोकं पाडायचं काम सगळ्या झुडपांना चालत नाही, इथेच तुमच्या मजकुरात मोठी गडबड झालीय, त्यात सगळी सदाहरित झाडं एकाच माळेत ओवलीत. बॉक्सवुड, कामिनी, एक्झोरा, ड्युरांटा ह्यांना जुन्या लाकडातून फुटवा येतो, एखादवेळी जास्त कापलं गेलं तरी माफ करतात. थुजा, मोरपंखी, ज्युनिपर ह्यांना येत नाही. त्यांच्या फांदीचा जो हिरवा भाग आहे तेवढंच त्यांचं भांडवल, त्याच्या मागे उघड्या तपकिरी लाकडात कापलंत की तिथे कायमचं भोक, दहा वर्षांनी या, भोक तिथेच असेल. माझ्या नऊतली तीन अशी गेली, म्हणजे मेली नाहीत, पण एका बाजूने टकली झालेली झाडं किती दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवणार. सूचिपर्णीत यू हा एक अपवाद, तो जुन्या लाकडातूनही छान फुटतो, म्हणून तर त्याच्या वाटेल त्या आकृत्या कापतात. ह्यांची छाटणी लहानपणापासून थोडी थोडी आणि हिरव्यातच करायची, उंची रोखायची तर ती पाहिजे तेवढी होण्याच्या आधी. आणि अझेलियासारखं फुलणारं सदाहरित असेल तर फुलं संपली की लगेच कापून मोकळं व्हायचं, पुढच्या बहराच्या कळ्या त्यानंतर थोड्याच दिवसांत धरायला लागतात, उशिरा कापलं की झाड ठणठणीत आणि फुलं शून्य.

लावण्याबद्दल फार लिहीत नाही, एकच गोष्ट, खोल लावू नका. पिशवीतून काढलेल्या गोळ्याच्या वरची माती थोडी बोटांनी उकरून बघा, खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं ती मान दिसली पाहिजे आणि ती जमिनीच्या बरोबरीला किंवा बोटभर वर राहिली पाहिजे. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद चालेल पण खोली गोळ्याएवढीच, खाली भुसभुशीत माती भरली की झाड पुढे खचतं आणि मान गाडली जाते. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावायची नाहीत, उभे दोन-तीन चरे द्यायचे, कारण ती मुळं तशीच जाड होत जातात आणि एक दिवस स्वतःच्याच खोडाला वळसा घालून आवळतात. आणि पालापाचोळ्याचं आच्छादन घालताना, दोन-तीन इंच पुरे, खोडाला लावून ढीग करू नका, चार बोटं लांब ठेवा, नाहीतर साल ओली राहून सडते.

पाणी. ह्यात सगळ्यात जास्त झाडं जातात आणि सगळ्यात कमी बोललं जातं. पहिलं वर्ष-दीड वर्ष मुळं त्या मूळ गोळ्यातच असतात, त्यामुळे आजूबाजूची जमीन ओली असून गोळा आतून कोरडा ठणठणीत असू शकतो, विशेषतः गोळा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) असेल तर एकदा सुकल्यावर पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. बोट घाला, दोन पेरं आत, आणि तिथे गोळ्यातच घाला, वाफ्यात नाही. रोज शिंपडण्यापेक्षा आळं करून सावकाश भरपूर द्या आणि मग थांबा. एकदा रुळलं की ही झाडं सोशिक आहेत, तिथे तुमचा 'विसरा' थोडाफार चालेल, पण ते रुळल्यावर. कुंडीत असेल तर तेही नाही, कुंडीतलं झाड कायम तुमच्यावर अवलंबून. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची जी पद्धत आहे तिने निचरा सुधारत नाही, बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर मातीतच अडून राहतं आणि मुळांना मिळणारी जागा मात्र तेवढी कमी होते. भोक बुजू नये म्हणून एक खापर ठेवा, बस.

पानं पिवळी पडली की घाबरायचं कधी आणि नाही कधी ते पण सांगतो कारण फोनवर सगळ्यात जास्त हेच विचारतात मला. सदाहरित म्हणजे पान गळतच नाही असं नाही, बॉक्सवुडचं पान दोन-तीन वर्षं टिकतं आणि मग गळतंच, थुजाची आतली जुनी पानं वर्षातून एकदा तपकिरी होऊन झडतात. आतलं आणि जुनं पिवळं होत असेल तर चहा प्या. टोकाचं नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या अशी जाळी दिसत असेल तर ती लोहाची कमतरता, एक्झोराला हमखास होते, अझेलियालाही. त्यात बऱ्याचदा मातीत लोह असतंच पण माती अल्कधर्मी असल्याने मुळांना ते घेता येत नाही, सिमेंटच्या भिंतीला किंवा फरशीला लागून लावलेल्या झाडांचं हे नेहमीचं दुखणं, चुना उतरत राहतो ना. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं, फवारलं की पंधरा दिवस बरं वाटतं, पण झाड भिंतीपासून हलवणं किंवा कुंडीत आम्लधर्मी मिश्रण देणं हा खरा इलाज. नत्र ओतू नका. बुटक्या झाडाला नत्र जास्त दिलं की ते मऊ लुसलुशीत लांब फुटवा काढतो, कॉम्पॅक्टपणा जातो आणि मावा येतो.

किडीचं थोडक्यात. सूचिपर्णी झुडूप धुळकट, करडं, निस्तेज दिसायला लागलं की एक पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदी टकटक आपटा, कागदावर पडलेले धुळीचे कण चालायला लागले तर ती धूळ नाही, लाल कोळी ही बारीक कीड आहे. त्या ड्वार्फ स्प्रूसवर तर हा ठरलेला. सुरुवात असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून दोन-तीन दिवसाआड मारला तरी पुष्कळ आटोक्यात येतो. बॉक्सवुडचं दुखणं मोठं आहे, त्याच्यावर एक बुरशीजन्य करपा आहे जो १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दिसला आणि दुसरी पूर्व आशियातली एक पतंगाची अळी, जी २००७ मध्ये जर्मनीत सापडली आणि मग युरोपभर पसरली, जुन्या जुन्या बागांमधल्या बॉक्सवुडच्या शेकडो वर्षांच्या रांगा तिने खाऊन टाकल्या. म्हणून बरेच लोक आता त्याच्या जागी बारीक पानांचा जपानी आयलेक्स लावतात, लांबून फरक कळत नाही. करप्याचे बीजाणू ओल्या पानांवर रुजतात, म्हणून परत तेच, आतून मोकळं ठेवा, वरून पाणी मारू नका, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर स्पिरिटने पुसा. कामिनी लिंबाच्या कुळातली आहे, संत्र्या-लिंबाला ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही बारीक कीड तिच्या कोवळ्या फुटव्यावर मजेत वाढते, जवळ लिंबाची झाडं असतील तर ती बघून लावा. आणि घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर ड्युरांटाची पिवळी फळं, यू, कण्हेर हे सगळं विषारी आहे, हे तुमच्या मजकुरात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा फोटो दोन कमी टाका पण प्रत्येक झाडापुढे तीन गोष्टी छापा, १० वर्षांनंतरची उंची, १० वर्षांनंतरची रुंदी (ही कोणीच सांगत नाही, आणि वाट अडते ती रुंदीनेच) आणि जुन्या लाकडातून फुटतं की नाही. आणि ते 'विसरून जा' तेवढं काढा.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी कुंपणाजवळच्या कामिनीला पाणी घालायला गेलो तर खोडाला बुडाशी काहीतरी रुतलेलं दिसलं, माती सारून बघितलं तर रोपाबरोबर आलेली नायलॉनची दोरी, अर्धी सालीच्या आत गेलेली, आणि तिला लेबलाचा तुकडा अजून लटकलेला. त्याच्यावर 'कॉम्पॅ' एवढंच वाचता येतंय. ब्लेडने दोरी कापून काढलीय, खोडाला करकोच्याची खूण राहिलीय. बाकीच्या तिघींच्या पण काढून आलो. चारही झाडं वरून हिरवीगार होती.